मुंबईत समुद्राचा फोटो काढायचाय? आधी तिथी बघा

भाची पुण्याहून कॅमेरा घेऊन आली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "मावशी, सूर्यास्त किती वाजता?" मी तिला स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपाशी नेते आणि विचारते, आज तिथी कोणती?

माझे सासरे रेवदंड्याचे. त्यांनी शिकवलेला हिशोब असा: पक्ष कुठलाही असो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला साधारण बारा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी मागे गेलेलं असतं, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे एरवीपेक्षा खूपच मागे. नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबईचा सूर्यास्तही सहाच्या आसपासच. हा मेळ जुळला की वांद्र्याचं बँडस्टँड गाठायचं.

तिथले काळे खडक उघडे पडतात, खळग्यांत पाणी राहतं आणि त्यात आभाळ उतरतं. उभ्याने फोटो काढलात तर ते दिसणारच नाही. खाली बसा, कॅमेरा गुडघ्याच्याही खाली आणा, खळगा हातभर अंतरावर ठेवा. लेन्स १८ मिमी, एफ ११ (म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक), आयएसओ १०० (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता कमी), कॅमेरा ट्रायपॉडवर. सूर्य बुडून उजेड उतरला की शटर अर्ध्या सेकंदापर्यंत नेता येतं. लाट येताना नाही, परतताना बटण दाबा. खडकांमधून ओघळणाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या रेघा मिळतात. तीस सेकंदांत समुद्राचं नुसतं धुकं होतं, मला ते आवडत नाही.

मोबाइल असेल तर आभाळावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि उजेड थोडा कमी करा.

सूर्य बुडाला की लोक उठतात. तुम्ही वीस मिनिटं थांबा. आपल्याकडे संधिप्रकाश फार टिकत नाही, पण तेवढ्यात सी लिंकचे दिवे आणि आभाळाचा निळा रंग बरोबरीला येतात. त्यासाठी वांद्रे किल्ल्याचा कट्टा उत्तम.

अष्टमीच्या आसपास खडकांचा नाद सोडा, मरीन ड्राइव्हला जा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे सरकून मोकळ्या समुद्रात बुडतो. मे-जूनमध्ये तो मलबार हिलच्या बाजूला झुकतो.

एका पौर्णिमेला मी बँडस्टँडला अंधार पडेपर्यंत रमले आणि वळून पाहिलं, तर येतानाचा कोरडा खडक पाण्याखाली. गुडघाभर पाण्यातून, कॅमेरा डोक्यावर धरून बाहेर आले. तेव्हापासून पाणी वळलं की अर्ध्या तासात मी कट्ट्यावर असते. पावसाळ्यात तर खडकांवर उतरूच नका.

खारे तुषार लेन्सवर बसतात, मऊ कापड खिशात हवंच. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर आटे गंजून घट्ट बसतात.