सिम्युलेशन रात्रभर चालतंय? नवा कॉम्प्युटर मागण्याआधी या चुका टाळा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत काम करणारा एक मुलगा लॅपटॉप घेऊन घरी आला. यंत्र कसं हलेल आणि कुठे किती बल येईल हे कॉम्प्युटरवर काढायचं सिम्युलेशन तो करत होता. मॉडेल होतं गाडीच्या बॉनेटच्या बिजागरीचं, चार दांड्यांची साधी यंत्रणा. बॉनेट दोन सेकंदांत उघडतं, पण रन, म्हणजे सिम्युलेशनची एक फेरी, रात्रभर चालूनही संपत नव्हती, आणि मध्येच लाइट गेली की सगळं मुसळ केरात. "सर, साहेबांकडे रॅम मागू का?" मी म्हटलं, आधी मॉडेल उघड.

आत एकतीस वस्तू होत्या, खऱ्या हलणाऱ्या तीनच. बाकीचे बोल्ट आणि वॉशर कॅडमधून (कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमधून) जसेच्या तसे आलेले, फिक्स जॉइंटने एकमेकांना चिकटवलेले. अशा प्रत्येक वॉशरमागे सहा अज्ञातं आणि सहा समीकरणं वाढतात, गतीत फरक काहीच पडत नाही. जे एकत्र हलतं त्याची एकच वस्तू करा.

खरा घोटाळा जॉइंटमध्ये होता, आणि तो मला जवळजवळ प्रत्येक नवख्या मॉडेलमध्ये दिसतो. मोकळी वस्तू सहा प्रकारे हलते, तीन सरळ आणि तीन फिरून. एक बिजागरी त्यातल्या पाच हालचाली अडवते. आता घराचं दार बघा, तीन बिजागऱ्यांचं: ६ − १५ = −९. हिशेबाने ते उघडायलाच नको. उघडतं, कारण सुतार तिन्ही बिजागऱ्या ओळंब्यात बसवतो आणि उरलासुरला फरक लाकूड सांभाळून घेतं. कॉम्प्युटरमधल्या कडक वस्तू काहीच सांभाळून घेत नाहीत. मग सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) अडतो, नाहीतर जादा समीकरणं आपल्या मनाने टाकून देतो. गती अगदी बरोबर दिसते, पण टाकलेल्या समीकरणाचं बल शून्य येतं. या मुलाच्या एका पिनवर (दांड्या जोडणाऱ्या बिजागरीवर) आडवं बल शून्य दिसत होतं, आणि त्याच आकड्यावर तो पिनचा व्यास काढणार होता! रन हळू चालण्यापेक्षा मला याची जास्त भीती वाटते.

त्याच्या तीन वस्तूंच्या १८ हालचाली, चार पिन मिळून २० अडवतात. एका पिनच्या जागी बॉल जॉइंट टाकला, तो तीनच अडवतो. दुसरीकडे सिलिंड्रिकल, म्हणजे फिरणारा आणि सरकणाराही जॉइंट, तो चार. १८ − १७ = १, हवी तेवढीच. मात्र कुठल्या पिनवर किती आडवा भार येतो हे हवं असेल, तर एवढ्याने भागत नाही. तिथे खऱ्या कडकपणाचं बुशिंग, म्हणजे थोडा लवचीक जोड, द्यावं लागतं.

मग रबरी स्टॉपर. त्याचा कडकपणा लिहिला होता १,००,००० न्यूटन प्रति मिमी. एवढ्या कडक स्प्रिंगवर एक किलोचं वजन सुमारे १६०० हर्ट्झने थरथरतं, आणि ती थरथर पकडायला सॉल्व्हर सेकंदाचे हजारो तुकडे करत बसतो. आकडा कुठून आणलास? "सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून होता." दुसऱ्या दिवशी त्याने स्टॉपरवर वजनं ठेवून तो किती दबतो ते डायल गेजने मोजलं. कडकपणा शंभरच्या आसपास निघाला, थरथर ५० हर्ट्झवर आली आणि रन चहा होईपर्यंत संपली.

मोटरला पहिल्याच क्षणी पूर्ण वेग देऊ नका. त्याने त्वरण अनंत होतं. वेग हळूहळू चढवा.

एककं तपासायला एक वस्तू मोकळी सोडा. एका सेकंदात ती ४९०५ मिमी खाली यायला हवी. ४.९ मिमीच आली, तर मिमीच्या मॉडेलमध्ये गुरुत्वाकर्षणाचा आकडा ९८१० ऐवजी ९.८१ लिहिलाय. आणि मिमी-किलो-सेकंद घेतलं तर बल मिलिन्यूटनमध्ये येतं, हे अनुभवी लोकही विसरतात.

कॉलेज प्रोजेक्टसाठी स्वतः कोड लिहीत असाल तर जॉइंटवर डोळा ठेवा. बंधनं (जॉइंटची समीकरणं) फक्त त्वरणाच्या पातळीवर सोडवली की जोडलेली टोकं हळूहळू सुटत जातात. बाउमगार्टे यांनी १९७२ मध्ये सुचवलेली, टोकं परत जागेवर ओढणारी दुरुस्ती त्यावर चालते, पण तिचे गुणांक फार मोठे घेतले तर टाइम स्टेप (सॉल्व्हर करतो तो सेकंदाचा तुकडा) पुन्हा बारीक होते. कोड तपासायला घर्षण नसलेला लंबक झुलवून एकूण ऊर्जेचा आलेख काढा, तो सपाट राहायला हवा. समीकरणं एकेक पाऊल पुढे सोडवायच्या साध्या ऑयलर पद्धतीत तो वर चढताना दिसेल.

त्या मुलाने पिनचा व्यास अजून ठरवलेला नाही. बुशिंगचा नमुना सध्या मोजणीला गेलाय.