वायर सुटी होणारा हेडफोन निवडा आणि ती वायर घरी बनवा

स्वस्तातला हेडफोन बहुधा पिनेच्या मुळाशी बिघडतो. वायर रोज तिथेच वाकते, आतली तांब्याची तार तुटते, एका कानाचा आवाज ये-जा करू लागतो आणि बाकी सर्व धडधाकट असलेली वस्तू भंगारात जाते. म्हणून खरेदी करताना सर्वप्रथम वायर हेडफोनपासून सुटी होते का, हे पाहावे. होत असेल, तर त्या बाजूचे छिद्र ३.५ मिलिमीटरचे आहे की २.५ चे, आणि ते किती खोल व अरुंद आहे, हेही तपासावे. कारण खोल छिद्रात जाड कव्हरची पिन पूर्ण बसत नाही.

खोक्यावरील आकड्यांपैकी इम्पिडन्स, म्हणजे विजेच्या संकेताला हेडफोनकडून होणारा ओहममध्ये मोजलेला विरोध, महत्त्वाचा. मोबाइलवर ऐकण्यासाठी १६ ते ३२ ओहमचा हेडफोन घ्यावा, कारण २५० ओहमच्या हेडफोनला बहुतेक वेळा वेगळा अँप्लिफायर लागतो. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हा आकडा जवळजवळ सर्वच खोक्यांवर असतो, त्यावरून काहीही ठरवू नये. लोकलमध्ये ऐकायचे असल्यास बंद कपांचा, घरी शांततेत ऐकायचे असल्यास जाळीच्या उघड्या कपांचा हेडफोन बरा.

आता वायर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात दोन गाभ्यांची (आत दोन वेगळ्या तारा असलेली) आणि शील्ड, म्हणजे त्यांभोवती बारीक तारांचे वेष्टन असलेली वायर मीटरवर मिळते. सव्वा मीटर वायर, धातूच्या कव्हरच्या दोन स्टीरिओ पिना, २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न, राळ असलेली ६०/४० (६० टक्के कथील, ४० टक्के शिसे) सोल्डर तार आणि जोड तपासण्यासाठी मल्टिमीटर (वीज मोजण्याचे साधन) एवढे साहित्य पुरे. ‘ऑक्सिजनमुक्त तांबे’ वगैरेसाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही. एवढ्या लांबीच्या साध्या तांब्याच्या वायरचा रोध जाऊन-येऊन एक ओहमही भरत नाही.

सोल्डरिंगपूर्वी दोन्ही पिनांची कव्हरे योग्य दिशेने वायरमध्ये ओवून घ्यावीत. हे वाचताना क्षुल्लक वाटते; मी मात्र उत्तम जमलेला जोड याच एका विसरण्यापायी तीनदा उकलला आहे. त्यानंतर बाहेरचे आवरण सुमारे दीड सेंटिमीटर सोलावे, शील्डच्या तारा एकत्र पिळाव्यात आणि आतील दोन्ही गाभ्यांची टोके तीन-चार मिलिमीटर उघडी करून त्यांवर सोल्डरचा पातळ थर चढवावा. पिनेचे टोक म्हणजे डावा कान, मधले कडे म्हणजे उजवा आणि मागील लांब भाग म्हणजे ग्राउंड, दोन्ही कानांची सामाईक परतीची वाट; शील्ड ग्राउंडला जोडावी. कोणत्या रंगाचा गाभा डाव्यासाठी घेतला, ते लिहून ठेवावे, म्हणजे दुसऱ्या टोकाला घोटाळा होत नाही.

जोड देताना आयर्न तारेवर आणि पिनेच्या पत्र्यावर एकदमच टेकवावी आणि सोल्डर तार आयर्नला न लावता तापलेल्या जोडाला लावावी. सोल्डर पाण्यासारखे पसरताच, म्हणजे दोन-तीन सेकंदांत, आयर्न उचलावी. जास्त वेळ धरल्यास पिनेतील प्लास्टिक वितळून कडी हलू लागतात. जोड गार होईपर्यंत तार हलवू नये. गोळा होऊन वर बसलेले सोल्डर आज चालले तरी महिन्याभराने सुटते. राळेचा धूर होतो, त्यामुळे खिडकी उघडी ठेवावी; आणि या सोल्डरमध्ये शिसे असते, त्यामुळे काम संपल्यावर हात धुवावेत.

कव्हर बसवण्यापूर्वी पिनेच्या मागील चिमटीत वायरचे आवरण हलकेच दाबून धरावे, म्हणजे ओढ जोडावर येत नाही. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून टोकाशी टोक, कड्याशी कडे, ग्राउंडशी ग्राउंड तपासावे. एकाच पिनेच्या दोन भागांमध्ये बीप आल्यास कुठेतरी तारेचा केस दुसऱ्याला टेकलेला असतो. ही तपासणी हेडफोनला न जोडता, केवळ वायरवर करावी. शेवटी एखादे ओळखीचे गाणे लावावे. वाद्ये ऐकू येत असूनही गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा नाहीसा झाला असेल, तर ग्राउंडचा जोड सुटला आहे, कारण अशा वेळी दोन्ही बाजूंना समान असलेला आवाज परस्परांना खोडून काढतो. तेव्हा शील्डचा जोड पुन्हा तापवावा.