हँडलरही तोच लॉक घेत असेल, तर आधी इंटरप्ट थांबवा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रविवारी काही मुलं लिनक्सचे ड्रायव्हर लिहायला शिकतात. परवा एकीचं मशीन मधूनच गोठत होतं. ती म्हणाली, "काका, लॉक तर घेतलाय!" घेतला होता, पण साधा स्पिनलॉक: डेटा एका वेळी एकालाच हाताळू देणारं कुलूप, जे मिळेपर्यंत कोड जागीच फिरत वाट बघतो. रीड फंक्शनने तो धरलेला असताना त्याच कोअरवर इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवायला लावणारा उपकरणाचा इशारा, आला. इंटरप्ट आल्यावर चालणारा कोड, म्हणजे हँडलर, तोच लॉक मिळायची वाट बघत फिरत बसला आणि लॉक सोडणारा कोड पुन्हा चालेचना.

डेटा हँडलरही हाताळत असेल, तर प्रोसेसच्या बाजूने (जसं हे रीड फंक्शन) 'स्पिन लॉक आयआरक्यू सेव्ह'च वापरा. तो त्या कोअरवरचे इंटरप्ट बंद करतो. जोडीचा 'अनलॉक आयआरक्यू रिस्टोअर' आधीची स्थिती परत आणतो. लॉक धरून झोपू शकणारं, म्हणजे थांबून कोअर दुसऱ्याला देणारं, काही बोलावू नका: म्युटेक्स (वाट बघताना झोपणारा लॉक) नको, यूझरच्या प्रोग्रामला डेटा देणारं 'कॉपी टू यूझर' तर नकोच. डेटा आधी स्थानिक बफरमध्ये उतरवा, लॉक सोडा, मग यूझरला द्या. इंटरप्ट बंद राहतील तेवढा वेळ बाकीची उपकरणं ताटकळतात.

चाचणीच्या कर्नलमध्ये 'प्रूव्ह लॉकिंग' हा लॉकच्या चुका शोधणारा पर्याय चालू ठेवा. मशीन गोठायच्या आधीच ही चूक बहुतेक वेळा लॉगमध्ये दिसते.