फ्रीज लाईट बिल खातोय? आधी त्याची पाठ बघा

एप्रिलमध्ये पुण्यात पारा ४० च्या आसपास गेला की आमचा कोथरूडच्या फ्लॅटमधला दहा वर्षं जुना फ्रीज दिवसरात्र घरघरायचा, बंद म्हणून व्हायचा नाही. मेकॅनिक आला, दार उघडून बघितलं न बघितलं आणि म्हणाला, गॅस भरावा लागेल. आता गॅस काही पेट्रोल नाही वापरून संपायला, सिस्टिम सीलबंद असते, गळती झाली तरच कमी होतो, आणि आमचं दूध तर मस्त गार होत होतं. म्हटलं, बघू नंतर.

मग रविवारी प्लग काढून फ्रीज पुढे ओढला. मागे काळी जाळी असते ना, तिच्यावर धुळीची गोधडीच होती, वर फोडणीचं तेल बसून ती चिकट झालेली. बघा, फ्रीज आतली उष्णता उचलतो आणि याच जाळीतून बाहेर टाकतो. तिच्यावर गोधडी घातली तर कॉम्प्रेसर बिचारा पळतच राहणार. जुना कोरडा पेंटिंगचा ब्रश घेऊन वरून खाली हळूहळू झाडायचं, खालची धूळ व्हॅक्युमने ओढायची. पाणी मारू नका. नळी वाकवू नका. नवीन फ्रीजला मागे जाळी दिसत नाही, ती बाजूच्या पत्र्याच्या आत असते, म्हणून बाजू गरम लागतात. तिथे मोकळी जागा ठेवली की झालं.

फ्रीज परत लावताना भिंतीला चिकटवू नका, मागे वीतभर नाहीतर निदान चार बोटं तरी सोडा, आणि गॅसच्या शेगडीशेजारी किंवा पश्चिमेच्या खिडकीत असेल तर जागाच बदला. आणि ते वरून मागे लोंबणारं क्रोशाचं कव्हर, आईला वाईट वाटेल पण काढा.

दुसरा चोर म्हणजे दाराचं रबर. दहाची नोट दारात धरून दार बंद करा आणि ओढा. अडकली पाहिजे. सुळकन आली तर तिथून गारवा जातोय. चारी बाजूंनी बघा. आमच्याकडे खालच्या कोपऱ्यात नोट निसटत होती, वाकून बघितलं तर मागच्या सीझनचा आमरस घडीत वाळून दगड झालेला! कोमट पाणी, थोडा भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश, बास. कडक झालेलं रबर गरम पाण्याच्या फडक्याने शेकलं की बऱ्याचदा परत बसतं, फाटलं असेल तर मात्र बदलायचं, नवीन फ्रीज घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

आतल्या डायलवरचा आकडा म्हणजे डिग्री नाही हं, साधारणपणे आकडा मोठा तितकं कूलिंग जास्त. ग्लासभर पाण्यात साधा थर्मामीटर (तापाचा नको) ठेवून रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा, सकाळी ३ ते ५ डिग्री दिसलं की पुरे, फ्रीझर उणे १८. थंडीत आकडा कमी करायचा, आम्ही कित्येक वर्षं केलाच नव्हता.

फ्रीझरमध्ये बर्फ अर्धा सेंटिमीटर झाला की डीफ्रॉस्ट करा, सुरीने खरवडू नका, नळीला भोक पडलं तर मग खरंच गॅस भरायला लागतो. तापलेलं दूध आधी गार करा. भाज्या इतक्या कोंबू नका की हवा फिरणार नाही.

फरक मोजायचाय तर गावाला जाताना बाकी सगळं बंद करून मीटरचं रीडिंग लिहून ठेवा, आल्यावर परत बघा. आमचं मेच्या सुरुवातीला दिवसाला १.९ युनिट होतं, साफसफाईनंतर जूनमध्ये १.४ आलं. तोवर पाऊस सुरू झालेला, त्यामुळे सगळं श्रेय ब्रशला देत नाही. पण घरघर थांबून थांबून व्हायला लागली ती त्याच रविवारी रात्री.