पुसला तरी पुन्हा पेटणारा इंजिनचा दिवा

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा पेटूनही गाडी नेहमीसारखीच चालत असली, की चार-आठ दिवसांत डोळ्यांना त्याची सवय होते. खरा धोका या सवयीतच असतो, कारण हा दिवा आधीच पेटलेला असताना त्याहून गंभीर बिघाड उद्भवला, तर तो सांगायला बहुधा दुसरा दिवा नसतो. म्हणून दिवा दिसेनासा करणे हे उद्दिष्ट न ठेवता, तो का पेटतो हे शोधणे आवश्यक आहे, आणि थोडा धीर असेल तर त्या शोधाचा बराचसा भाग गाडीमालकाला स्वतःही करता येतो.

सर्वप्रथम दिव्याचा रंग पाहावा. इंजिन चालू असताना ऑइलच्या कॅनचे लाल चिन्ह पेटले, तर गाडी सुरक्षितपणे कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. ऑइलच्या दाबाशिवाय इंजिन चालत राहिले तर आतली बेअरिंग फार थोड्या वेळात निकामी होतात. तापमानाच्या लाल दिव्यालाही हाच नियम लागू आहे, आणि इंजिन गरम असेपर्यंत रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये. बॅटरीचा लाल दिवा पेटल्यास बॉनेट उघडून पट्टा जागेवर आहे का ते पाहावे, कारण अनेक गाड्यांत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात, आणि पट्टा तुटला तर इंजिनही तापते. ब्रेकचा दिवा पेटला असेल तर हँडब्रेक पूर्ण खाली आहे का हे पाहून मग ब्रेक ऑइलची पातळी तपासावी. ती उतरलेली असेल तर केवळ वरून ऑइल न भरता गळती आणि ब्रेक पॅडची झीज या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी सांभाळून चालवता येते. तोच दिवा लुकलुकत असेल तर मात्र इंजिन मिसिंग करत आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही, आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत आहे असे समजावे, वेग कमी करावा आणि शक्य तितक्या लवकर थांबावे. कन्व्हर्टरची आतील जाळी वितळली की ती दुरुस्त होत नाही.

दिवा स्थिर असेल तर पुढची पायरी म्हणजे कोड, अर्थात गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा क्रमांक, वाचणे. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मॉडेलमध्ये आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ओबीडी-२ ही दोष स्वतः ओळखून नोंदवणारी प्रणाली बंधनकारक झाली. तिचा १६ पिनांचा सॉकेट बहुधा स्टीअरिंगखाली असतो, आणि त्यात लावायचा साधा स्कॅनर किंवा मोबाइलशी जोडला जाणारा ॲडॅप्टर घरी ठेवण्याजोगा आहे. ॲडॅप्टर घेताना तो केवळ कोड न दाखवता सेन्सरचे चालू आकडेही दाखवतो याची खात्री करावी, कारण पुढचा सगळा तपास त्या आकड्यांवरच उभा राहतो.

येथे बहुतेकांच्या हातून एक चूक होते. दिवा विझल्याचे समाधान मिळते म्हणून ते कोड तत्काळ पुसून टाकतात किंवा बॅटरीची वायर काढतात. कोड पुसला की त्याच्यासोबत साठवलेला फ्रीझ फ्रेमही जातो. दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिनचे तापमान, मिनिटाला होणारे फेरे, भार आणि गाडीचा वेग किती होता, हे त्यात असते. थंड इंजिनावर स्लोमध्ये, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, आलेला दोष आणि गरम इंजिनावर चढावर आलेला दोष यांची कारणे बहुधा वेगळी असतात. म्हणून सर्व कोड आणि फ्रीझ फ्रेममधले आकडे तारखेसह वहीत उतरवून घ्यावेत, आणि त्यापुढे दिवा कधी पेटला, पाऊस होता का, टाकी नुकतीच भरली होती का, हेही लिहावे. सतत परतणाऱ्या दिव्याच्या बाबतीत या वहीइतके उपयोगी साधन मला आजवर आढळलेले नाही. टाकी भरल्यानंतर एक-दोन दिवसांत दिवा पेटतो असे नोंदींतून दिसले आणि कोड पी०४५५ (टाकीतील पेट्रोलच्या वाफांची मोठी गळती) असला, तर टाकीच्या झाकणाचे रबर आधी पाहावे. पावसातच पेटत असेल तर कनेक्टरमध्ये शिरणाऱ्या पाण्याचा संशय घ्यावा.

कोड हे खराब झालेल्या सुट्या भागाचे नाव नसते, ही या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. पी०१७१ चा अर्थ इतकाच, की इंधनाच्या मानाने हवा जास्त पडत आहे. कोणामुळे, हे तो सांगत नाही. माझ्या गाडीत हाच कोड आला तेव्हा एका गॅरेजमध्ये हवेचा सेन्सर बदलण्यात आला आणि तीन आठवड्यांनी दिवा पुन्हा पेटला. त्यानंतर मी स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम पाहिले. इंजिन कमी पडलेल्या इंधनाची भरपाई किती टक्के करत आहे, हे या आकड्यावरून कळते. स्लोमध्ये तो अधिक १८ होता आणि फेरे २५०० पर्यंत नेताच अधिक ४ वर उतरला. बाहेरची हवा चोरवाटेने आत शिरत असली, की स्लोमध्ये तिचे प्रमाण मोठे असते आणि फेरे वाढल्यावर एकूण हवेच्या मानाने ते नगण्य होते, म्हणून आकडा असा उतरतो. इंजिन थंड झाल्यावर एकेक रबरी नळी बोटांनी चाचपत गेलो, तेव्हा इनटेक मॅनिफोल्डकडे, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांकडे जाणारी, ऑइलच्या वाफा ओढणारी नळी वळणाच्या खालच्या बाजूला मऊ, चिकट लागली. वरून ती अखंड दिसत होती. वाकवली तेव्हा खालची चीर नखभर उघडली. जुन्या गाडीतले रबर बहुधा असेच, न दिसणाऱ्या बाजूने जाते. हाताला काहीच लागत नसेल तर गॅरेजमध्ये धुराची चाचणी करून घ्यावी. गरम इंजिनावर ज्वालाग्राही स्प्रे मारून गळती शोधण्याची पद्धत आगीला निमंत्रण देणारी आहे, ती टाळावी.

वायरिंगचा विचारही सुटा भाग बदलण्याच्या आधी करावा. संबंधित सेन्सरचा कनेक्टर काढून पिनांवर हिरवट थर, गंज किंवा ऑइल आहे का ते पाहावे, आणि वायर जिथे धातूच्या कडेवरून वळते तिथे तिचे आवरण घासले गेले आहे का हे तपासावे. बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी स्वच्छ करावी. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज झालेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. व्होल्टेज घसरले की अनेक सेन्सरचे असंबद्ध कोड एकदम येऊ शकतात, आणि ते पाहून माणूस उगाच घाबरतो.

मिसिंगच्या कोडचा निवाडा तुलनेने सोपा आहे. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर. प्रत्येक सिलिंडरला प्लगच्या ठिणगीसाठी वीज देणारी स्वतंत्र कॉइल असेल तर पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर लावावी. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलचा. पहिल्यावरच राहिला तर प्लगची अदलाबदल करून पाहावी आणि मग इंधन फवारणारा इंजेक्टर व सिलिंडरमधील दाब (कॉम्प्रेशन) यांच्याकडे वळावे.

कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा पी०४२० हा कोड आला की थेट कन्व्हर्टर बदलण्याचा सल्ला मिळतो. तो भाग महाग असल्याने आधी सायलेन्सरच्या पाइपला सेन्सरच्या आसपास गळती आहे का ते पाहावे, आणि इंजिन ऑइल खात असेल किंवा मिसिंग करत असेल तर तो दोष प्रथम दूर करावा. अन्यथा नवा कन्व्हर्टरही त्याच मार्गाने जाईल. जुन्या पद्धतीच्या ऑक्सिजन सेन्सरमध्ये पुढचा, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होतो आणि मागचा, म्हणजे कन्व्हर्टरनंतरचा, जवळजवळ स्थिर राहतो. इंजिन पूर्ण गरम असताना मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला आणि गळती नसेल, तरच कन्व्हर्टर संपला असे म्हणावे.

एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या प्रणालीचा दिवा बहुधा चाकाजवळच्या सेन्सरवर साचलेल्या गंजामुळे किंवा तुटलेल्या वायरमुळे पेटतो. एअरबॅगच्या वायरिंगला मात्र घरी मीटर लावू नये. ते काम जाणकार मेकॅनिककडेच द्यावे.

दुरुस्तीनंतर कोड पुसावा आणि काही दिवस गाडी लांब, जवळ, थंड, गरम अशा सर्व प्रकारे चालवावी. कोड न पुसताही, दोष खरोखर गेला असेल तर सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो आणि सुमारे ४० वेळा इंजिन गरम झाल्यावर नोंदही निघून जाते. पुसल्यानंतर गाडीच्या अंतर्गत चाचण्या नव्याने पूर्ण व्हाव्या लागतात, त्यामुळे प्रदूषण तपासणीच्या आदल्या दिवशी कोड पुसून उपयोग होत नाही. चाचण्या अपूर्ण असल्याचे स्कॅनरवर स्पष्ट दिसते. जुनी गाडी विकत घेतानाही किल्ली ऑन करून, इंजिन सुरू करण्यापूर्वी हा दिवा पेटतो का ते पाहावे. इतर सर्व दिवे पेटले आणि तेवढाच पेटला नाही, तर त्याचा बल्ब काढलेला किंवा दिवा झाकलेला असण्याची शक्यता धरून, स्कॅनर लावल्याशिवाय व्यवहार पुढे नेऊ नये.