कुरणावरच्या शेण-मूत्राचे वायू मोजताना या चुका टाळा

चरणारी गाय एका वेळी साधारण दोन लिटर मूत्र टाकते. मूत्राने भिजलेल्या तेवढ्या ठिगळावर हेक्टरी 500 ते 1000 किलोच्या हिशेबाने नत्र पडते. इतके नत्र गवताला उचलताच येत नाही आणि उरलेल्याच्या काही भागाचा नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू होतो. मोजणीतल्या बहुतेक चुका या ठिगळाचा विसर पडल्याने होतात.

शेण आणि मूत्र एकत्र धरणे. मूत्रातला युरिया काही दिवसांत फुटतो, त्याचे अमोनियम आणि पुढे नायट्रेट होते. शेणातले नत्र बरेचसे सेंद्रिय रूपात असते, ते सावकाश सुटते. शेणाचा पो ओला असेपर्यंत त्यातून मिथेन निघतो. वर खपली धरली की तो घटतो. म्हणून वाफे वेगळे ठेवा. नियंत्रण वाफ्याला (तुलनेसाठी शेण-मूत्राविना ठेवलेल्या) मूत्राइतकेच पाणी द्या, नाहीतर नुसत्या ओलीचा परिणाम मूत्राच्या खात्यावर जमा होतो.

पेटीचा तळ ऐनवेळी ठोकणे. मातीतून निघणारा वायू झाकणाच्या पेटीत साठवून मोजतात, तिचा तळ मातीत रोवलेला असतो. तो ऐनवेळी ठोकला की मुळे तुटतात, माती हलते, वाचन बिघडते. तळ काही दिवस आधी 5 ते 10 सेंटीमीटर खोल बसवा. झाकण लावल्यावर 0, 20, 40 आणि 60 मिनिटांनी आतल्या हवेचे नमुने सिरिंजने घ्या. दोनच नमुने घेतले तर गळती झाल्याचे कळत नाही.

पेटी गळते का, हे त्याच नमुन्यांतला कार्बन डायऑक्साइड सांगतो. अपारदर्शक पेटीत मुळांच्या आणि मातीच्या श्वसनाने तो सतत वाढायला हवा. वाढत नसेल तर आधी सील तपासा. शून्य मिनिटाच्या नमुन्यात नायट्रस ऑक्साइड बाहेरच्या हवेइतका, म्हणजे सुमारे 0.34 पीपीएम (दहा लाखांत 0.34 भाग) हवा. तो बराच जास्त आला तर सिरिंज नीट धुतली गेलेली नाही किंवा झाकण उशिरा बंद झाले आहे.

ठरलेल्या वारीच जाणे. मातीच्या पोकळ्या 60 ते 80 टक्के पाण्याने भरल्या की उत्सर्जन उसळते आणि ही उसळी दोन-चार दिवसांत ओसरूही शकते. पहिला महिना आठवड्यातून दोनदा जा. मोठा पाऊस पडला की वेळापत्रक बाजूला ठेवून जा. थोडे ऋण आकडे आले तर ते गाळू नका. गाळल्याने सरासरी खोटी फुगते.

जुना गुणांक आणि विसरलेला गुणाकार. गुणांक म्हणजे पडलेल्या नत्रापैकी किती टक्के नायट्रस ऑक्साइड बनून जाते तो आकडा. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीच्या) 2006 च्या मार्गदर्शिकेत चरणाऱ्या गुरांसाठी मूळ गुणांक 2 टक्के होता. 2019 च्या सुधारणेत तो 0.4 टक्के झाला. ओल्या हवामानासाठी 0.6, कोरड्यासाठी 0.2. हा गुणांक नायट्रस ऑक्साइडमधल्या नत्राचा आहे, त्यामुळे 44/28 ने गुणल्याशिवाय वायूचे वजन मिळत नाही. 100 किलो नत्रावर 0.4 टक्क्यांनी 0.63 किलो वायू येतो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो, म्हणून 273 ने गुणल्यावर सुमारे 172 किलो कार्बन डायऑक्साइड समतुल्य. जुन्या गुणांकाने हाच आकडा 858 होतो.