वादळ शूट करायचं तर वाऱ्याकडे पाठ करून

मी लग्नांचं शूटिंग करते. दापोलीजवळच्या हर्णै, मुरुड, आंजर्ले या पट्ट्यातली गेल्या बारा-तेरा वर्षांतली बरीच लग्नं माझ्या हार्ड डिस्कवर पडून आहेत. वादळं मात्र दोनच शूट केली: ३ जून २०२० चं निसर्ग, आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातेत शिरलेलं तौक्ते. पहिल्या वेळी मी समुद्रावर गेले आणि हाताला काही लागलं नाही. दुसऱ्या वेळी पडवीतून हलले नाही आणि चाळीस मिनिटांचं चांगलं फुटेज मिळालं. हल्ली मे महिना लागला की कुणीतरी पोरगा विचारतोच, "ताई, वादळ आलं तर कुठून शूट करू?" म्हणून एकदा लिहून टाकते.

आधी माझी फजिती. निसर्गच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ट्रायपॉड खांद्यावर टाकून मी पुळणीवर पोचले. लॉकडाऊन होतं, त्यामुळे अडवायलाही कुणी नव्हतं. वारा पुळणीला धरून लांबीत वाहत होता. पाऊस, वाळू आणि खारं पाणी एकत्र होऊन आडवं येत होतं. लेन्स पुसायची, दहा सेकंद शूट करायचं, परत पुसायची. एका पुसण्यात वाळूचा कण काचेवर फिरला आणि बारीक ओरखडा उठला, तो आजही उजेड तिरका पडला की दिसतो. पंधराएक मिनिटं अशी काढली आणि सुरूच्या बनाकडून एक पत्रा उडत आला. एखाद्या टपरीचा असावा. जमिनीवर पडायचा, कड टेकून गिरकी घ्यायचा, परत उडायचा. माझ्यापासून बैलगाडीभर अंतरावरून गेला. मी ट्रायपॉड तसाच ओढत जे पहिलं स्लॅबचं घर दिसलं तिकडे धावले. दार उघडणाऱ्या काकी मला ओळखतही नव्हत्या. "शूटिंग कसलं करतेस गो? घरात कोण नाय काय तुला सांगणारा?" एवढं बोलून त्यांनी मला आत ओढलं आणि चहा ठेवला.

रात्री फुटेज बघितलं. करडा पडदा, त्यात आणखी करडं काहीतरी हलतंय, आणि कापड टराटरा फाडल्यासारखा आवाज. ते वादळ आहे की बंद पडलेला टीव्ही, कळत नव्हतं. म्हणून पहिली गोष्ट सांगते ती ही: वारा शिगेला असताना उघड्यावर चित्र मिळतच नाही. जीव धोक्यात घालून मिळतं काय, तर धुकं. बाहेर जायचंच असेल तर आदल्या दिवशी जा आणि दुसऱ्या दिवशी जा. मधले चार-पाच तास पक्क्या भिंतीच्या आडोशाला.

आदल्या दिवशी काम भरपूर असतं. बंदरावर बावटा चढलेला असतो, हर्णैच्या होड्या आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला येतात, एकीला एक बांधल्या जातात, जादा नांगर टाकले जातात, दोराला दोर गाठले जातात. त्या गाठी मारणारे हात जवळून शूट करा. कौलांवर दगड ठेवणारी माणसं, गोठ्यातून सोडलेली गुरं, ओटीवर आणून रचलेली लाकडं, सगळं घ्या. आणि ज्या जागेवरून उद्या शूट करणार तिथून त्याच चौकटीचं मिनिटभर फुटेज आजच घेऊन ठेवा. ट्रायपॉडच्या पायांच्या जागी चुन्याने खुणा करा. वादळानंतर त्याच खुणांवर ट्रायपॉड ठेवला की काय काय गेलं ते न बोलता दिसतं.

जागा निवडताना वाऱ्याचं गणित करावं लागतं, पण ते अवघड नाही. आपल्याकडची वादळं घड्याळाच्या उलट फिरतात. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की वादळाचं केंद्र साधारण डाव्या हाताला असतं. निसर्ग अलिबागच्या थोडं दक्षिणेला जमिनीवर आलं, म्हणजे आमच्या उत्तरेला. त्यामुळे आमच्याकडे वारा आधी डोंगराकडून, मग दक्षिणेकडून आणि शेवटी समुद्राकडून, असा फिरत गेला. ज्या भिंतीचा सकाळी आडोसा होता तीच दुपारी तोंडावर आली. म्हणून एक जागा धरून चालत नाही. घराच्या दोन बाजू हेरून ठेवा आणि एकीकडून दुसरीकडे घरातूनच जाता येईल असं बघा. अंगणातून वळसा घालायला लागणार असेल तर ती जागा बाद.

केंद्र नेमकं तुमच्या डोक्यावरून जाणार असेल तर वारा मध्येच एकदम पडतो. ऊनही पडू शकतं. लोक बाहेर येतात, झाडं बघायला लागतात. संपलेलं नसतं. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने आणि तितक्याच जोराने येतो. रेडिओवर वादळ पुढे गेल्याचं ऐकल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकू नका.

आकड्यांचं एक सांगते, कारण पोरं इथे फसतात. हवामान खातं ताशी ६२ किलोमीटरपासून चक्रीवादळ म्हणतं, ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र. निसर्ग जमिनीवर आलं तेव्हा वारा १०० ते ११० आणि मधले झोत १२० चे होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. म्हणजे पन्नासच्या वाऱ्यात तुम्ही छत्री सांभाळत उभे राहू शकलात याचा अर्थ शंभरच्या वाऱ्यात "थोडा जास्त त्रास होईल" असा नाही. बातमीतला सरासरी वेग विसरा, झोताचा आकडा धरून बेत करा.

भरतीची वेळही काढून ठेवा. आमच्याकडे म्हातारी माणसं तिथीवरून सांगतात: तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरती किती वाजता ते अंदाजे निघतं. ३ जूनला वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, द्वादशी सरून त्रयोदशी लागत होती. बारा किंवा तेराची पाऊणपट म्हणजे सकाळी नऊ ते पावणेदहा. उधाणाचे दिवस, पण वादळ जमिनीवर आलं ते दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, ओहोटी लागल्यावर. तीच वेळ भरतीवर गाठली असती तर पाणी कुठवर आलं असतं याचा विचार नको वाटतो. भरती आणि वादळ एकाच वेळी येणार असेल तर खाडीकाठच्या घरातून शूट करण्याचा विचार डोक्यातून काढा आणि निवाऱ्याच्या शाळेत जा. तिथूनही चांगलं शूट होतं.

आता तौक्तेच्या वेळची माझी जागा. जांभ्याची जाड भिंत, वर स्लॅब, पुढे तीन बाजूंनी बंद पडवी. समोर अंगण, तुळस, गडगा, गडग्यापलीकडे शेजारच्यांची पोफळीची, म्हणजे सुपारीची बाग. सगळ्यात जवळचा माड त्याच्या उंचीच्या दीडपट लांब आहे हे आधी पावलांनी मोजलं होतं. पडवीच्या आत, उंबऱ्यापासून दोन हात मागे ट्रायपॉड. काचेच्या खिडकीमागे उभं राहू नका, काच फुटते ती आतच येते.

वाऱ्याच्या समोर कॅमेरा धरलात तर काचेवर पाणी, दुसरं काही नाही. वाऱ्याकडे पाठ केलीत तर काच कोरडी राहते, पण झाडं तुमच्यापासून दूर वाकतात आणि ते वाकणं चित्रात कळत नाही. म्हणून पाठ वाऱ्याकडे, आणि कॅमेरा जरा कडेला वळवलेला. झाडं चौकटीत आडवी झुकताना दिसली पाहिजेत. आणि चौकटीत एक तरी न हलणारी वस्तू हवी. माझ्याकडे तुळशीवृंदावन होतं. ते स्थिर, मागे पोफळी जमिनीकडे झुकताहेत, परत उभ्या राहताहेत. नुसत्या हलत्या झाडांच्या फुटेजला "वारा होता वाटतं" एवढीच दाद मिळते.

पोफळ कशी मोडते ते तेव्हा नीट बघितलं. ती उन्मळत नाही. पाच-सहा झोत सोसते, शेंडा गडग्याला टेकवून परत वर येते, आणि मग सातव्याला मधोमध काडकन तुटते. आवाज थोडा उशिरा कानावर येतो. वरचा अर्धा भाग लगेच पडत नाही, सालीला लोंबत राहतो आणि शेजारणीच्या अंगावर रेलतो. मग तीही जाते. एका रांगेतल्या चार गेल्या तेव्हा आमच्या मागे दारात उभी असलेली शेजारची आजी फक्त "ही सासऱ्यांनी लावलेली" म्हणाली. कॅमेरा तेव्हा मी तिच्याकडे वळवला नाही.

कॅमेऱ्याच्या सेटिंगबद्दल थोडक्यात. ऑटोफोकस बंद, नाहीतर तो प्रत्येक थेंबावर फोकस करत बसतो. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून कुलूपबंद. शटर १/५० सेकंदावर ठेवलं तर पावसाच्या रेघा दिसतात, १/५०० वर थेंब सुटे दिसतात आणि तुटणाऱ्या फांद्या स्पष्ट येतात. मी दोन्ही आलटून पालटून घेते. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझर बंद. मधली दांडी वर काढू नका, पाय फाकवून ट्रायपॉड बुटका ठेवा. वजन म्हणून वाळूची पिशवी लटकवाल तर ती जमिनीला टेकू द्या, लोंबकळत ठेवली तर तीच झोके घेते आणि ट्रायपॉड हलवते. मोबाइल असेल तर आडवा धरा, झूमला हात लावू नका, एक शॉट मनात वीसपर्यंत मोजून होईस्तोवर धरा. सुरुवातीला तारीख, वेळ, गाव आणि वारा कुठल्या दिशेचा ते तोंडाने बोला. ड्रोन घरीच. छोट्या ड्रोनची वारा सोसायची ताकद ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या आसपास असते, आणि तुटलेला ड्रोन म्हणजे उडणारा आणखी एक पत्रा.

आवाज वेगळा घ्या. कॅमेऱ्याच्या माइकवर वारा थेट आदळला की नुसता फडफडाट येतो, नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने तो सुधारत नाही. मी रेकॉर्डर माजघरात, कोनाड्यात, माइकवर वारा अडवणारी केसाळ टोपी घालून ठेवला होता. तिथे कौलं खडखडताना, दाराची कडी वाजताना आणि मध्येच सगळं घर हुंकार दिल्यासारखं झालेलं असं सगळं स्वच्छ आलं. माणसं आठवण काढतात ती याच आवाजाची.

लेन्स पुसायची पद्धत: आधी गोड्या पाण्यात भिजवलेलं मऊ सुती कापड नुसतं टेकवून मीठ आणि वाळू उचलून घ्या, मग कोरड्याने टिपा. घासू नका. माझ्याकडे आजीच्या जुन्या नऊवारीचे तुकडे असतात, बाजारातल्या कुठल्याही कापडापेक्षा चांगले. पुढे स्वस्तातला यूव्ही फिल्टर लावून ठेवा, ओरखडा पडला तर त्याच्यावर पडेल. भिजलेला कॅमेरा तांदळात पुरून ठेवायचा सल्ला मिळेल. त्याने कॅमेरा वाळत नाही, तांदूळ तेवढे वाया जातात. बॅटरी आणि कार्ड काढून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

आणि चार्जिंग. निसर्गनंतर आमच्याकडे वीज यायला कित्येक आठवडे गेले, मोबाइलचे टॉवरही बंद. लगेच अपलोड वगैरे होईल हे मनातून काढा. पॉवर बँका आदल्या रात्री भरा, पण एक फक्त फोनसाठी राखून ठेवा, शूटिंगला वापरू नका. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ आणि पोलिसांचा ११२ कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. पोलीस किंवा सरपंच परत जा म्हणाले तर वाद न घालता परत या. तुम्हाला शोधायला दुसऱ्या कुणाला तरी बाहेर पडावं लागतं.

दुसऱ्या दिवशी बाहेर पडताना डोळे वर आणि पाय जपून. अर्धवट तुटलेल्या झावळ्या आणि लोंबणारे शेंडे वारा नसतानाही पडतात. डबक्यात तार पडलेली असू शकते, त्यामुळे पाण्यात पाय नको. वाहत्या पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून जाऊ नका. सापही कोरड्या जागेच्या शोधात ओटीवर आलेले असतात.

तेव्हाचं शूटिंग मात्र सगळ्यात उपयोगी पडतं. रस्ता मोकळा करायला झाडं भराभर तोडून बाजूला होतात, आणि पंचनाम्याला माणूस येतो तोवर जागेवर बुंधेही नसतात. निसर्गनंतर नारळ-सुपारीची भरपाई पुढे झाडागणिक ठरली, तेव्हा झाडं किती होती यावरून घरोघर वाद झाले. मी प्रत्येक बागेच्या एका टोकापासून सावकाश चालत, प्रत्येक बुंध्यावर क्षणभर थांबत, मोठ्याने आकडे म्हणत शूट केलं होतं. एका काकांनी तेच मोबाइलवर लावून दाखवलं, एकशे चौदापर्यंत. लग्नाच्या कुठल्याच सीडीसाठी मला कुणी घरी येऊन नारळाचं पोतं दिलेलं नाही, त्यासाठी दिलं. पोतं अर्थात पडलेल्या झाडांचंच होतं.

घरी आल्यावर कार्डाच्या दोन प्रती करा, एक दुसऱ्याच्या घरात ठेवा. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून, सांधे सैल करून गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत दोन दिवस वाळवा. २०२० मध्ये मी हे केलं नाही. त्याच्या एका पायात पुळणीची वाळू अजून आहे, उघडताना करकरतो.